नाव आधी, पाणी मग

आमच्या घरी आप्पांचा आवाज आधी यायचा आणि आप्पा मागून. माझे वडील उमरग्याच्या एस.टी. स्टँडवर कंट्रोलर होते. दिवसभर काचेच्या खोलीत बसून लाउडस्पीकरवर गाड्या पुकारायच्या, आणि घरी आल्यावरही सूर तोच. स्टँडपासून आमचं भीमनगर हाकेच्या अंतरावर, त्यामुळे सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर कुठली गाडी आली आणि कुठली रखडली, हे आमच्या चुलीपाशी बसून कळायचं. लातूरच्या गाडीचा पुकारा झाला की माय भाकरी थापायला घ्यायची आणि शेवटची गाडी सुटली की आप्पा दारात हजर. "जेवण झालं का तयार?" असं साधं त्यांनी कधी विचारलं नाही. "भाकरी कुठवर आलीय?" म्हणायचे, आणि माय तव्यावरून मान न उचलता म्हणायची, "आली, आली. वेशीत हाय."

घरात देव्हारा नव्हता. भिंतीवर दोन तसबिरी होत्या, एक डोळे मिटलेली आणि एक कोटातली, आणि दोघांपुढं रोज उदबत्ती. मी जन्मायच्या आधीच आजोबांनी घरातले देव टोपलीत घालून नदीत सोडले होते आणि ती टोपली तरण्या आप्पांनी डोक्यावरून नेली होती. ते सांगताना त्यांची मान अशी ताठ व्हायची, की ओझं नुकतंच उतरलंय असं वाटावं. उपास, नवस, अंगारा, मुहूर्त सगळ्याला बंदी. "आपल्या घरात रूढी न्हाय," आप्पा म्हणायचे, "आपल्या घरात व्यवस्था हाय." व्यवस्था म्हणजे चपला दाराशी एका रांगेत, टाचा भिंतीकडं. आंघोळीला कोण कुणाच्या मागं तेही ठरलेलं. आणि रेडिओवर बातम्या लागल्या की कुणी बोलायचं नाही, चावायचंही नाही. घास तोंडात असला तर तसाच धरून ठेवायचा. माझा धाकटा भाऊ एकदा कुठल्याशा मंत्र्याचा अख्खा दौरा संपेपर्यंत गालात गाजर धरून बसला होता. आज माझी नात जेवताना एका हातानं मोबाईल चाळत असते, आणि मला वाटतं, आप्पा असते तर पोरगी उपाशी मेली असती.

शेवटची गाडी चुकलेल्या प्रवाशाला घरी आणणं हाही त्या व्यवस्थेचाच भाग. मोठा दुष्काळ पडला तेव्हापासून हे सुरू झालेलं. तेव्हा ट्रकांतून, गाड्यांतून माणसं नुसती उतरायची. कुठं जायचं ते त्यांनाही ठाऊक नसायचं. दुष्काळ सरला, पण आप्पांची व्यवस्था सरली नाही. माय रोज एक भाकरी जास्त करायची, आणि बहुतेक दिवशी तिला खाणारा आप्पांच्या मागं मागं यायचाच. मग आप्पा त्याला दारातच थांबवायचे, तांब्या हातात घ्यायचे, आणि घरातली बोली सोडून स्टँडवरची भाषा काढायचे. "मी किसन तुकाराम कांबळे. राहणार भीमनगर. हे पाणी माझ्या घरचं आहे." एवढं बोलून ते थांबायचे. बहुतेक जण घटाघटा पाणी प्यायचे. एखाद्याला मात्र ऐन वेळी गावातला मावसभाऊ आठवायचा. त्याला आप्पा स्टँडवरच्या बाकापर्यंत पोचवून यायचे, वर अंथरायला सतरंजीही देऊन यायचे.

आलेल्याला मात्र ते नाव विचारत नसत. "गाव?" एवढंच विचारायचे, म्हणजे सकाळी कुठल्या गाडीत बसवायचं ते कळावं. मग आम्हीही माणसांना गावाच्याच नावानं ओळखायचो. "हैद्राबादला चटणी वाढ," माय म्हणायची. "अक्कलकोट लाजतंय बघ, त्याला अजून एक भाकरी घाल." एकदा निलंगा आणि आळंद शेजारी शेजारी घोरत होते आणि माझ्या भावाला अभ्यास करता येईना, अशी तक्रार त्यानं शाळेत गुरुजींकडं केली होती. गुरुजींना ते भूगोलाचं काहीतरी वाटलं.

मी उस्मानाबादला कॉलेजात गेले. आता त्याला धाराशिव म्हणायचं, पण माझ्या हॉस्टेलच्या ट्रंकेवर अजून उस्मानाबादच आहे. बी.ए.च्या शेवटच्या वर्षी समाजशास्त्राला एक नवा पेपर आला, विविध संस्कृतींचा अभ्यास. तो शिकवायला देशमाने सर होते आणि लायब्ररीत त्याचं एकच पुस्तक होतं, तेही कुठल्या तरी लांबच्या बेटांवरच्या माणसांबद्दल. सरांनी ते मिटलं आणि म्हणाले, "बेटावर तुम्हाला कोण पाठवणार? एकमेकांच्या घरी जा." दिवाळीच्या सुट्टीत वर्गातल्या जोड्यांनी घरं बदलायची, सात-आठ दिवस राहायचं, आणि मग सगळ्या वर्गापुढं उभं राहून त्या घराची संस्कृती सांगायची. ज्यांच्या घरी राहिलो त्यांनाही ते ऐकायला बोलवायचं. सरांचे नियम कडक होते. पहिले दोन दिवस तोंड बंद. यजमान म्हणतील ते करायचं. हसायचं नाही, प्रश्न विचारायचे नाहीत, त्यांचं चुकलं तरी दुरुस्त करायचं नाही.

माझी जोडी लागली द्रौपदाशी. ती भूमकडची, घरी मेंढरं, थोरला भाऊ लोकर सोसायटीत सेक्रेटरी. त्याच्याच हट्टामुळं ती शिकत होती. आम्ही हॉस्टेलला एका खोलीत होतो, तरी एकमेकींच्या घराबद्दल जपूनच बोलायचो.

आप्पांना हे कळलं तेव्हा त्यांनी चपलांची रांग ओलांडून पायातल्या चपलांसकट थेट घरात पाऊल टाकलं, म्हणजे प्रकरण गंभीर होतं. "ज्या चिखलातनं आमी बाहेर पडलो, त्याचीच माती तपासाय निघालीस व्हय?" त्यांच्या मनात माझ्यासाठी वेगळंच होतं. सहकारी साखर कारखान्याच्या ऑफिसात टायपिस्ट घेणार होते आणि आप्पांनी माझ्यासाठी टायपिंगचा क्लासही बघून ठेवला होता. मला मात्र औरंगाबादला जाऊन याच विषयात एम.ए. करायचं होतं. इतकं, की रात्री झोपेतही मी फॉर्म भरत असायची. मी रडले नाही, पण न रडता जेवढं करता येतं तेवढं सगळं केलं. शेवटी मायनं मध्यस्थी केली आणि आप्पांनी निकाल दिला. "येऊ दे त्या पोरीला. आपल्या घरात शिकन्यासारकं काय हाय, ते तिनं मला समजंल असं सांगावं. मला पटलं तर जा औरंगाबादला. न्हाय पटलं तर टायपिंग." म्हणजे माझं सगळं आयुष्य द्रौपदाच्या जिभेवर टांगलं गेलं, आणि तिला पहिले दोन दिवस बोलायलाच मनाई होती.

ठरलं असं, की मी रविवारी भूमला जायचं आणि ती सोमवारच्या भूमच्या गाडीनं उमरग्याला यायची. मी गेले. द्रौपदा घरात दिसली नाही, पण प्रश्न विचारायला बंदी होती. घरच्यांनी माझ्यासाठी शाळेतल्या दोन खुर्च्या उचलून आणल्या होत्या. पाव आणला होता, बिस्किटं आणली होती, आणि मेंढरांचा वास येऊ नये म्हणून अख्खा कळप माळाच्या पल्याड हाकलला होता. "पावनी शहरातली हाय," असं तिची आई शेजारणींना सांगत होती. उमरग्याला शहर म्हणणारी बाई मी पहिल्यांदाच पाहिली. शेजारच्या घरातून हुलग्याच्या पिठाच्या पातळ माडग्याचा वास येत होता आणि मी नियमानं तोंड मिटून चहात बिस्किटं बुडवत होते. पाणी मात्र द्रौपदाच्या आईनं भर अंगणात, शेजारणी बघत असताना, सरळ माझ्या हातात तांब्या देऊन दिलं. मी ते सगळं पाणी प्याले, तहान नव्हती तरी.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्या शाळेच्या खुर्चीवर ताठ बसले होते आणि समोरून द्रौपदा चालत आली. खांद्यावर घोंगडी, हातात एक गाठोडं. गाठोड्याचं फडकं आमच्या मायच्या जुन्या लुगड्याचं होतं, ते मी लांबूनच ओळखलं.

"अगं, तू तर आज उमरग्याला जाणार होतीस!"

"जाऊन आले की," द्रौपदा म्हणाली. "तुज्या आप्पांनी परत धाडलं."

मला वाटलं, आप्पांनी ऐकण्याआधीच निकाल लावला. पण द्रौपदाच्या तोंडावर राग नव्हता. ती शांतपणे गाठोडं सोडून भाकरी काढत होती. मग सगळा प्रकार कळला. तिच्या मामाचा ट्रक रविवारीच उमरग्याकडं निघाला होता, म्हणून ती एक दिवस आधीच आली. स्टँडवर उतरून आमचं घर कुणाला विचारावं म्हणून उभी होती, तोवर शेवटची गाडी गेली आणि काचेच्या खोलीतून एक खाकी माणूस बाहेर आला. त्यानं विचारलं, "गाव?" ती म्हणाली, "भूम." तो म्हणाला, "चला." पाहुणी यायची ती सोमवारी, म्हणून आमच्या घरात कुणाला शंकाही आली नाही.

"मला वाटलं, हेच तुजे आप्पा, मला न्यायलाच आले. दारात तेंनी नाव सांगितलं, तवा तर खात्रीच झाली. मग म्हनलं, आता सरांचा नियम, तोंड मिटून बसायचं."

"आन् त्यांनी तुला काहीच विचारलं नाही?"

"न्हाय की. तुजी आई म्हनली, भूमला पिठलं वाढा. मी म्हनलं, लई मान देतेत, अख्ख्या गावाच्या नावानं वाढतेत." तिनं एक तुकडा मोडला. "सकाळी उजाडायला चहा दिला, भाकरी बांधली, आन् आप्पांनी सोता येऊन गाडीत बसवलं. कंडक्टरला बजावलं, पोरीला नीट उतरवा म्हनून."

"मग तू बोलायचं ना! आत्ताच तर आले म्हणायचं!"

"कसं बोलनार? यजमान म्हनतील ते करायचं." तिनं माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं, की जशी काही नियम मोडणारी मीच होते. "मला वाटलं, तुमच्यात पावन्याला आदी एकदा माघारी धाडायची रीत आसंल. आमच्यात न्हाय का नव्या नवरीला माघारी धाडत्यात? म्हनलं, आपन परत जायचं आसंल."

तिचा सेक्रेटरी भाऊ हसून हसून मेंढवाड्याच्या काट्यात जाऊन बसला. मी हसले नाही, कारण आप्पांना पटवायचा पहिलाच दिवस असा वाया गेला होता. मी त्याच घडीला सरांचे नियम गुंडाळले आणि पुढच्या गाडीनं द्रौपदाला घेऊन उमरग्याला निघाले. निघताना तिच्या आईनं विचारलं, "खायला काय बांदून देऊ?" मी म्हणाले, "माडगं." तेव्हा ती माऊली पहिल्यांदा मोकळी हसली, आणि झाकणाच्या डब्यात गरम माडगं भरून दिलं.

स्टँडवर आम्ही दोघी उतरलो तेव्हा आप्पा भूमच्या गाडीच्या दाराशीच उभे होते, पाहुणीची वाट बघत. द्रौपदाला बघून त्यांचे डोळे मोठे झाले. "ही तर सकाळचीच पोरगी! परत गाडी चुकली?"

"आप्पा, हीच द्रौपदा," मी म्हणाले. "आपली पाहुणी."

आप्पा जवळच्या सामानाच्या ट्रंकेवर बसले. ती कुणाची ट्रंक होती देव जाणे, पण तिच्या मालकाचीही त्यांना उठवायची हिंमत झाली नाही. तिथूनच ते म्हणाले, "मग माय माजे, सांगितलं का न्हाईस?"

द्रौपदा म्हणाली, "तुमी इचारलं न्हाय."

पुढचे दिवस आप्पांनी स्वतःची अब्रू सावरण्यात घालवले. रोज संध्याकाळी ते द्रौपदाला समोर बसवून आपल्या घरात एकही रूढी कशी नाही ते समजावून सांगायचे. ती मान डोलवायची. बातम्या लागल्या की घास गालात धरायची, चपला टाचा भिंतीकडं करून ठेवायची, आंघोळीला माझ्या भावाच्या मागं आणि मायच्या पुढं जायची. "पोरगी हुशार हाय," आप्पा मायला म्हणाले. "लगेच समजलं तिला, हितं तसलं काय न्हाय म्हनून." मला मात्र काळजी लागली होती. काहीच नाही असं द्रौपदा वर्गापुढं बोलली, तर माझं टायपिंग पक्कं होतं. आणि काहीतरी आहे असं बोलली, तर आप्पांचा अपमान होऊन टायपिंग आणखी पक्कं.

कॉलेजातल्या त्या दिवशी आप्पा इस्त्रीचा खाकी ड्रेस घालून पहिल्या बाकावर बसले. द्रौपदा उभी राहिली आणि एका दमात सांगत सुटली. "कांबळे आप्पांच्या घरात लई रूढी हायेत." चपलांची रांग सांगितली. आंघोळीचा क्रम सांगितला. बातम्यांच्या वेळचं मौन सांगताना तिनं गाल फुगवून दाखवला, तेव्हा अख्खा वर्ग बाकं बडवून हसला. आप्पांचे कान लाल झाले. मी डोळे मिटून घेतले आणि मनातल्या मनात टाइपरायटरवर बोटं ठेवली.

"आन् एक मोठी रूढी हाय," द्रौपदा म्हणाली. "हे पान्याआदी आपलं नाव सांगतेत. बापाचं नाव, गल्ली, समदं. मग पानी देतेत. पन दुसऱ्याचं नाव कवा इचारत न्हाईत. मी जेवले, झोपले, सकाळी माघारी बी गेले, पर माझं नाव कुनी इचारलं न्हाय."

आप्पा उठले. "सर, ही रूढी न्हाय. ही व्यवस्था हाय."

देशमाने सर हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "कधीपासून करता?"

माईकसमोर जन्म घालवलेला माणूस, पण त्यांना सुरुवात सापडेना. मग ते हळू बोलायला लागले. "दुष्काळात एक बाई उतरली ट्रकातनं. पोट पाठीला लागलेलं. म्या पळत घरी जाऊन पानी आनलं. निम्मं प्याली, आन् मग इचारलं, कुनाच्या घरचं? म्या सांगितलं. तर तांब्या खाली ठिवला आन् रडाय लागली. तोंडात बोट घालून वकाय बघत हुती, सर. प्वाटात काय नव्हतं, काय वकनार?" आप्पांनी बाकावर हात टेकला. "मला राग आला न्हाय. कीव आली. तवापास्नं म्या आदी सांगतो. पिनाऱ्याला मागनं पस्तावा नको, आन् मला बी ते परत बघाय नको."

"आणि त्यांचं नाव का विचारत नाही?"

"मला जनमभर तेवढंच इचारलं लोकांनी," आप्पा म्हणाले. "म्या कुनाला इचारनार न्हाय."

मला ही गोष्ट ठाऊक नव्हती. त्याच घरात मी वाढले, तोच तांब्या मी घासला, आणि वीस वर्षांत मला कधी वाटलं नाही की आप्पांना विचारावं, तुम्ही असं का बोलता. त्या बाकावर बसून मला रडू आलं, आणि ते लपवायचंही सुचलं नाही. आप्पा खाली बसता बसता परत उठले आणि सरांना म्हणाले, "हे तुमच्या पुस्तकात हाय का?"

"नाही," सर म्हणाले.

"मग पुस्तक अपुरं हाय तुमचं," आप्पा म्हणाले आणि बसले.

परतीच्या गाडीत ते खिडकीबाहेर बघत बसले. तुळजापूर गेलं, नळदुर्ग गेलं, मी त्यांच्या तोंडाकडं बघत राहिले. त्यानंतर महिने गेले. मी परीक्षा दिली, सुट्टीत टायपिंगच्या क्लासला जायला लागले, आणि आप्पा औरंगाबादचं नावही काढेनात. स्टँडवर औरंगाबादची गाडी पुकारतानाही ते घाईघाईत पुकारतात, असा मला संशय यायचा. मग एका संध्याकाळी बातम्या चालू होत्या, आम्ही सगळे घास गालात धरून बसलो होतो, आणि आप्पा बोलले. बातम्या चालू असताना बोलले. "औरंगाबादची गाडी सकाळची बरी. बसाय जागा मिळती." मायच्या हातातून पळी निसटली. माझ्या भावानं घास गिळून टाकला, कारण आता कुठलाच नियम उरला नव्हता.

जाण्याच्या दिवशी मायनं भाकरी, शेंगाची चटणी आणि पाण्यानं भरलेला फिरकीचा तांब्या दिला. आप्पा पहाटेच ड्युटीवर गेले होते. मी गाडीत चढून खिडकीशी बसले. शेजारी एक म्हातारी येऊन टेकली, मांडीवर बोचकं, कपाळावर मोठं कुंकू. आप्पा काचेच्या खोलीतून बाहेर येतील असं मला वाटत होतं, पण ते आले नाहीत. गाडी सुटायच्या बेताला आली आणि लाउडस्पीकर खरखरला.

"उमरग्याहून सुटणारी औरंगाबाद गाडी फलाट क्रमांक एकवर उभी आहे. या गाडीनं कुमारी सुजाता किसन कांबळे, राहणार भीमनगर, औरंगाबादला समाजशास्त्र शिकायला जात आहे." जरा थांबून आवाज परत आला. "प्रवाशांनी नोंद घ्यावी."

सगळा स्टँड माझ्या खिडकीकडं बघायला लागला. केळीवाला बघत होता, हमाल बघत होते, हैदराबादच्या गाडीतली माणसं उठून बघत होती. कंडक्टरनं डबल बेल दिली. मी पदरात तोंड लपवलं. गाडी गावाबाहेर पडली, ऊन चढलं, आणि शेजारची म्हातारी खोकायला लागली. "पानी हाय का गं पोरी?"

मी तांब्याची फिरकी सोडली. तांब्या पुढं करायच्या आधी माझं तोंड आपोआप उघडलं. "आजी, मी सुजाता किसन..."

"आगं कळलं की," म्हातारीनं माझ्या हातातून तांब्या ओढून घेतला. "समद्या स्टँडाला कळलं. आन ते पानी हिकडं."